आठ डोंगर शिल्लक

बर्फकिडे उडाले आणि गावातले गाडी उचलायचे जॅक बाहेर निघाले.

हे किडे डासाएवढेच, पण अंगाला कापसाचा कण चिकटवल्यासारखे. ऑक्टोबर सरता सरता एखाद्या उबदार दुपारी ते अलगद तरंगायला लागतात, कुणाच्या बाहीवर बसतात, कुणाच्या भुवईवर. मग निसेबेत्सु गावात हवामानाचा अंदाज कुणी बघत नाही. किडे उडाले म्हणजे आठ-दहा दिवसांत बर्फ आलाच. दारोदारी गाड्या एका अंगाला उचललेल्या दिसतात. उन्हाळी टायर उतरतात, हिवाळी चढतात.

मिनोरीच्या सासऱ्यांचा, तोकुजींचा, यात गावात पहिला नंबर असे. तीस वर्षं त्यांनी दूधसंघाची टाकीची गाडी घाटापलीकडे नेली होती. आता नोकरी नव्हती, पण छोटा ट्रक होता. पुढे दोन माणसं बसतील, मागे बटाट्याची पोती मावतील एवढाच. त्याचे टायर बदलताना ते अजूनही संघाची टोपी घालत.

"बघ," त्यांनी चौथा नट आवळून मिनोरीला हाक मारली, "आठ डोंगर शिल्लक आहेत. आठ!"

टायरवरच्या नक्षीच्या उंचीला इकडे सगळे डोंगरच म्हणतात. नवा टायर म्हणजे दहा डोंगर. झिजत झिजत पाचावर आला, की तो बर्फात चालवायचा नाही. तोकुजींचे टायर आठावर होते, खाचा इतक्या खोल की त्यात बोटाचं पेर बुडावं. मिनोरीने आठव्या महिन्याच्या पोटावर हात ठेवून मान डोलावली. वाकून बघणं तिला जमणारही नव्हतं.

तिला फक्त एवढंच माहीत होतं, की हे टायर या घरात तिच्याही आधी आले होते.

निसेबेत्सुत बाळंतपणाचा दवाखाना नाही. होता तो बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता बाळ व्हायचं तर कारामात्सु घाट ओलांडून पलीकडच्या शहरात जायचं. उन्हाळ्यात तासाभराचा रस्ता, हिवाळ्यात देवाच्या मर्जीचा. मिनोरीची मोठी लेक सायो उन्हाळ्यातली. तरी ती कशीबशी दवाखान्याच्या दारापर्यंत थांबली होती. नर्सने चाकाची खुर्ची आणेपर्यंत अर्धं काम झालं होतं. "दुसरं याहून घाई करेल," डॉक्टरीणबाई प्रत्येक तपासणीला हसत हसत सांगायच्या. त्यांना हसू यायचं, मिनोरीला नाही.

नवरा र्‍योसुके उन्हाळ्यात शेती करी आणि हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढायच्या गाडीवर जाई. म्हणजे ज्या दिवशी घाटात जोराचा बर्फ, त्या दिवशी तो पहाटेच घरची मोटार घेऊन कामावर गेलेला. मागे उरणार छोटा ट्रक, तोकुजी आणि ते आठ डोंगर.

तारखेच्या आठवडाभर आधी पलीकडे जाऊन राहायचं ठरलं होतं खरं. पण पोटातल्या जिवाला ते कुणी सांगितलं होतं?

---

नोव्हेंबरातल्या तपासणीला तोकुजींनीच तिला नेलं. वरवर पीठ भुरभुरावं एवढाच बर्फ पडला होता. चढ नीट गेला, बोगदा गेला. बोगद्यापलीकडची बाजू सावलीची, तिथे ऊन पोचतच नाही. तिथल्या उताराखाली पूल आहे आणि पुलाआधी थांबायची रेघ. तोकुजींनी रेघेच्या बऱ्याच आधी ब्रेक दाबला. ट्रक थांबला नाही.

जोरात घसरला असंही नाही. अगदी सावकाश, पाट सरकवावा तसा तो सरकत गेला. मिनोरीला रेघ दिसली, मग रेघ चाकाखाली गेली, मग पुलाचा कठडा जवळ आला आणि तिथे ट्रक उभा राहिला. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून बरं.

मिनोरीचे दोन्ही हात पोटावर होते. कधी गेले ते तिला कळलंही नव्हतं.

"इथला रस्ताच तसला आहे," तोकुजी म्हणाले. डोक्यावरची टोपी त्यांनी दोनदा नीट केली.

त्या दिवसापासून मिनोरीच्या डोळ्यांसमोर तो कठडा. भांडी घासताना कठडा, सायोची वेणी घालताना कठडा. नवऱ्याला तिने सांगितलं, तर तो पायमोजे काढता काढता म्हणाला, "मीच नवे टायर आणून बसवले, तर बाबा जन्मभर बोलणार नाहीत माझ्याशी. घाटात गाडी कशी चालवायची हे मी त्यांच्याकडूनच शिकलो गं."

"मग मी सांगते."

"सांग. मी जवळपास नसताना सांग."

तिने सांगितलं. जेवणाच्या वेळी, उकडलेल्या बटाट्यावर लोणी घालता घालता, अगदी सहज सुचल्यासारखं. "बाबा, मी म्हणते, या वर्षी ट्रकला नवे टायर घ्यायचे का?"

तोकुजींनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "आठ डोंगर आहेत त्यांना."

"हो, पण ते जुने..."

"तीस वर्षं दुधाची टाकी घेऊन घाट चढलोय मी. पहिल्या पहिल्यांदा तर खिळ्यांचे टायर होते, ते सरकारने बंद केले, मग हे रबराचे आले. सगळ्यांवर चाललो. टाकीतल्या दुधाचं लोणी कधी होऊ दिलं नाही!"

"दुधाचं लोणी झालं नाही हे खरं," सासूबाई योशिनो सूप वाढता वाढता म्हणाल्या, "पण डोक्यावरचे डोंगर कुठे गेले म्हणते मी? तिथे एक शिल्लक नाही."

सायो खदखदून हसली. तोकुजींनी टकलावरून हात फिरवला आणि बटाटा खायला घेतला. विषय तिथेच संपला. पालथ्या घड्यावर पाणी. मिनोरीलाच अपराधी वाटलं. ज्या माणसाच्या हाती जीव द्यायचा, त्याच्याच हाताबद्दल शंका घेतल्यासारखं.

---

पुढच्या रविवारी बाहेर भुरभुर चालू होती. शेगडीवर किटली गुणगुणत होती. सायो जमिनीवर पालथी पडून येणाऱ्या बाळासाठी चित्र काढत होती: आजी, आजोबा, आई, बाबा, ट्रक. ट्रक सगळ्यात मोठा. आईच्या कुशीत बाळ काढलं, पण त्याला चुकून तीन हात झाले.

"आजोबा, एक हात पुसा."

"पुसू की. थांब, माझ्याकडे चांगलं खोडरबर आहे."

तोकुजी उठले आणि आपल्या खणातून एक डबी घेऊन आले. निवृत्तीच्या दिवशी दूधसंघाने दिलेला पेन्सिलींचा संच होता तो, मखमलीत ठेवलेला. पेन्सिलींना टोकसुद्धा काढलेलं नव्हतं. कोपऱ्यात पांढरंशुभ्र खोडरबर, चारही कोपरे शाबूत.

त्यांनी बाळाच्या तिसऱ्या हातावरून ते घासलं. हात गेला नाही, काळा फराटा उमटला. अजून जोरात घासलं, तर फराटा बाळाच्या तोंडावर गेला. तिसऱ्यांदा कागद टर्रकन फाटला.

"आजोबाऽऽ! बाळाला काळं फासलंत तुम्ही!"

"अगं पण नवं आहे हे!" तोकुजी खोडरबर उलटसुलट करून बघत होते. "कोपरासुद्धा झिजला नाही बघ!"

"कसलं नवं?" योशिनो विणकामावरून डोळेही न उचलता म्हणाल्या. "तुम्ही घरी बसलात तेव्हाचं ते. वापरलं नाही म्हणून का नवं राहतं? दगड झालाय त्याचा. नख लावून बघा."

तोकुजींनी नख लावलं. उमटलं नाही.

ते तसेच बसून राहिले. सायोचं रडणं ओसरलं, आईने दिलेल्या चिकटपट्टीने बाळाचं तोंड जोडून झालं, तरी त्यांच्या हातातलं खोडरबर सुटलं नव्हतं. मग ते उठले, बूट चढवले आणि बाहेर गेले.

मिनोरीने खिडकीवरची वाफ बाहीने पुसली. अंगणात तिचे सासरे ट्रकच्या पुढच्या चाकापाशी गुडघ्यांवर बसले होते, टोपीवर बर्फ साचत होता. त्यांनी हातमोजा काढला आणि टायरवर अंगठ्याचं नख रोवलं. मग दुसऱ्या चाकापाशी गेले. मग मागच्या.

दुरून डोंगर साजरे म्हणतात. या डोंगरांना नख लावायला त्यांना एवढी वर्षं लागली.

मिनोरी पटकन खिडकीपासून बाजूला झाली. ते आत आले तेव्हा ती तांदूळ धूत होती. तिने वळून पाहिलं नाही. जेवण झालं. झोपायला जाताना मात्र ते दारात थांबले.

"मिनोरी, उद्या टायर बघायला जायचंय. तूही चल."

"मी कशाला, बाबा? मला काय कळतं त्यातलं?"

"त्या गाडीत बसणार कोण आहे? मग?"

---

दुकानात जत्रा भरली होती. बर्फकिडे उडाले तेव्हा आळस केलेला उरलासुरला गाव आता एकदमच आला होता. मालकीण कुमागाईबाईंच्या हाताला काळं लागलेलं, कानावर पेन्सिल.

"तोकुजी-सान? तुम्ही, आणि टायर विकत घ्यायला?" त्या मोठ्यांदा म्हणाल्या. "अरे बघा रे, आज बर्फ खालून वर पडणार!"

"दाखवायचं असेल तर दाखव, नाहीतर जातो घरी."

"चिडू नका हो. हे बघा, वापरलेले आहेत, पण नऊ डोंगर. तुम्हाला डोंगर आवडतात ना?"

तोकुजींनी त्या टायरच्या खाचांकडे पाहिलंही नाही. सरळ नख लावलं आणि मान हलवली. "म्हातारे आहेत. एक म्हातारा घरात पुरे."

"मग हे बारमाही घ्या. उन्हाळा-हिवाळा एकच, दर वर्षी काढा-घालायची कटकट नाही."

"बारमाही म्हणजे सगळ्यांशी गोड बोलणारा पाहुणा. आपल्या घरी आग लागली की तो दुसऱ्याच्या घरी जेवत असतो."

शेवटी नव्यातले दोन उरले. एकाची नक्षी दणकट, ठोकळ्याठोकळ्यांची, खाचा खोल. बघताक्षणी छाती दडपावी. दुसरा दिसायला अगदीच गरीब. डोंगर बेताचे, पण अंगभर केसासारख्या बारीक चिरा, सुरीने आल्याचे काप करावेत तशा. तोकुजींचा हात आपसूक पहिल्यावर गेला. तीस वर्षांची सवय ती. त्यांनी त्याला थोपटलंसुद्धा, बैलाला थोपटावं तसं.

"ताज्या बर्फात हा राजा," कुमागाईबाई म्हणाल्या. "गुडघाभर असला तरी खोदत जाईल."

मिनोरीला पुन्हा तो कठडा दिसला. ती बोलणार नव्हती. पण पोटातून एक लाथ बसली आणि शब्द बाहेर पडले.

"बाबा, त्या दिवशी आपण बर्फात रुतलो नव्हतो."

तोकुजींचा हात थांबला.

"चढ तर आपण चढलो होतो. बर्फ होताच कुठे? बोगद्याच्या पलीकडे गोठलेल्या पाण्याची नुसती काच होती. आपल्याला खोदायचं नाहीये, बाबा. आपल्याला काचेवर थांबायचंय." मग ती घाईघाईने म्हणाली, "आणि ताजा बर्फ पडला, तर तो काढायला तुमचा मुलगा आहेच की."

मागे रांगेत कुणीतरी हसलं. तोकुजी हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्या टायरकडे पाहिलं आणि मिनोरीला म्हणाले, "नख लाव."

तिने लावलं. रबर आत दबलं, खरवसासारखं, आणि नखाची कोर तिथे क्षणभर राहून हळूहळू भरून आली. तिने पुन्हा लावलं. का कुणास ठाऊक, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हा मऊ आहे, रस्त्याला चावतो चांगला," कुमागाईबाईंनी आधीच सांगून टाकलं, "पण लवकर झिजतो बरं का. नंतर तक्रार नको."

"झिजू दे," तोकुजी म्हणाले. "खणात जपून ठेवायला नाही घेत आहे. ही म्हणते ते बसव, चारही."

जुने चार टायर त्यांनी परत घरी आणले आणि बटाट्याच्या ढिगावरच्या ताडपत्रीवर वजन म्हणून ठेवले. पाठ फिरवून जाताना एकावर हात टेकवला, एवढंच.

---

बाळाने कॅलेंडर बघितलंच नाही. तारखेच्या दोन आठवडे आधी, दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती, मिनोरी सायोचा वाडगा उचलायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली.

बाहेर पहाटेपासून बर्फ कोसळत होता. र्‍योसुके उजाडायच्या आत गाडीवर गेला होता.

"आई," ती कमरेवर हात धरून म्हणाली, "आलं वाटतं."

मग घरात एकच धावपळ. योशिनोंनी पिशवी काढली, सायोला कडेवर घेतलं, दवाखान्यात फोन लावला आणि फोनवरच्या नर्सला "अहो, हिचं पहिलं दारातच झालंय" असं बजावलं. एवढ्यात मिनोरीला खिडकीतून दिसलं, की तोकुजी ट्रकच्या मागच्या फळीवर बटाट्याची पोती चढवताहेत.

"बाबाऽऽ! आता बटाटे कशाला?"

"मागून हलका असला की नाचतो हा!" ते बर्फातून ओरडले. "बस तू, झालंच!"

घाटाच्या पायथ्याशी दुसरी कळ आली. चढावर तिसरी. बर्फ ताजा होता, पण मध्यावर एकेरी पट्टा स्वच्छ खरवडलेला दिसत होता. र्‍योसुकेची गाडी नुकतीच गेलेली. तोकुजी बोलत नव्हते. हात सैल, डोळे लांब, गिअर बदलला तरी कळू नये असा. मिनोरीला पहिल्यांदाच दिसलं, की हा माणूस तीस वर्षं काय करत होता.

बोगदा आला, संपला. पलीकडे सावली होती आणि तीच काच, वाऱ्याने बर्फ उडवून लख्ख घासलेली.

आणि पुलाच्या अलीकडे, रस्त्याच्या मधोमध, हरणं.

मोठी मादी आणि मागे दोन पिल्लं, तिघंही वळून बघत उभी. तोकुजींनी भोंगा वाजवला नाही. त्यांनी ब्रेक दाबला, एकदम नव्हे, झोपलेल्या पोराला थोपटावं तसा, दाबला, सोडला, दाबला. मिनोरीचे हात पोटावर गेले. तिने रेघेकडे पाहिलं. रेघ जवळ येत होती, आणखी जवळ, आणि चाकांखालून एक आवाज आला, बारीक, चुरचुर, कुणीतरी कागदावर खोडरबर घासतंय असा.

ट्रक थांबला. रेघ पुढे होती. पूर्ण, अख्खी, बॉनेटच्या पुढे.

मादीने कान हलवले आणि सावकाश पलीकडे गेली. एक पिल्लू गेलं. दुसरं मध्येच थांबून ट्रककडे बघत राहिलं, लग्नाच्या वरातीत उभं राहावं तसं निवांत.

"जा रे बाबा," मिनोरी दात आवळून म्हणाली, "मला घाई आहे."

ते गेलं. तोकुजींनी श्वास सोडला. तो किती वेळ धरून ठेवला होता कुणास ठाऊक, समोरची काच वाफेने भरून गेली. टोपी नीट करत ते हळूच म्हणाले,

"पुसलं गं."

मिनोरीला आधी कळलं नाही. मग कळलं आणि कळ चालू असतानाच ती हसायला लागली. हसता हसता रडली आणि रडता रडता सासऱ्यांच्या बाहीला धरून म्हणाली, "बाबा, हसवू नका, इथेच होईल!"

"इथे नको, इथे नको," ते घाबरून म्हणाले आणि त्यांनी पहिला गिअर टाकला.

---

बाळ दारात झालं नाही. खाटेवर, सगळ्या व्यवस्थेत झालं, डॉक्टरीणबाईंना हातमोजे घालायलाही वेळ मिळाला. मुलगा.

संध्याकाळी र्‍योसुके आला तो खांद्यावर बर्फ घेऊनच. बायकोच्या केसांवरून हात फिरवला, बाळ पाहिलं, बाळ पुन्हा पाहिलं आणि मग वडिलांना विचारलं, "बाबा, घाट कसा होता? घसरलात का कुठे?"

"मी का घसरेन?" तोकुजी म्हणाले. थोडं थांबून त्यांनी हनुवटीनेच मिनोरीकडे दाखवलं. "टायर हिने निवडलेत."

एवढंच. पण मिनोरीने ते उशीखाली ठेवल्यासारखं जपून ठेवलं. बोगद्यापलीकडचा तो कठडा तिने डोळे मिटून आठवून पाहिला, मुद्दाम. नुसता कठडा होता, बर्फाची टोपी घातलेला.

बाहेर नर्सबाई कुणाला तरी सांगत होती, की खाली गाडीतळावर कुणीतरी बटाट्याचं पोतं भेट म्हणून ठेवून गेलंय आणि त्यावर चिठ्ठीसुद्धा नाही. तोकुजींनी ऐकलंच नाही असं दाखवलं. ते पाळण्यापाशी वाकले होते. दुपटं बाजूला झालं होतं आणि नातवाचा एक पाय उघडा पडला होता, लालसर, पेरूच्या फोडीएवढा. त्यांनी हात पँटला पुसला आणि अंगठा त्या इवल्या तळव्यावर अगदी हलकेच टेकवला. मांस आत दबलं आणि हळूहळू भरून आलं.

"दहा," ते म्हणाले. "दहाचे दहा डोंगर शिल्लक आहेत."